अनामिक बाळ, अनामिक राक्षस

सन १८१८ च्या मे-जूनमध्ये आमच्या नांदगावशेजारी, मालेगावच्या किल्ल्याला इंग्रजी फौजेचा वेढा पडला होता. त्याच वर्षी १ जानेवारीस लंडनमध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी लेखकाच्या नावाविना निघाली. प्रती अवघ्या ५००. तत्पूर्वीच्या भयकथा पडक्या गढ्यांत आणि तळघरांत रमत. हिच्यातील भय मात्र बाळंतिणीच्या खोलीतून आले, असे आम्हांस वाटते.

लेखिका मेरी शेली ३० ऑगस्ट १७९७ रोजी जन्मली आणि अकरा दिवसांनी तिची आई, विदुषी मेरी वुलस्टनक्राफ्ट, सूतिकाज्वराने निवर्तली. मुलीला आई भेटली ती ग्रंथांतून आणि थडग्यावरील अक्षरांतून. फेब्रुवारी १८१५ मध्ये मेरीला अपुऱ्या दिवसांची कन्या झाली. नाव ठेवण्यापूर्वीच, मार्चमध्ये, तीही गेली. त्यानंतर मेरीने रोजनिशीत एक स्वप्न नोंदविले: बाळ मेलेले नाही, केवळ गारठले आहे, विस्तवापाशी चोळताच त्यात धुगधुगी येते.

पुढल्याच वर्षी, तांबोरा ज्वालामुखीच्या राखेने झाकोळलेल्या १८१६ च्या उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या सरोवराकाठी कवी बायरनने सोबत्यांना भुताची गोष्ट लिहिण्यास सुचविले. विजेने मृत स्नायू हलतात, ही चर्चा तेथे चालत असे. तिचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु निष्प्राण देहात ऊब आणण्याची धडपड मेरीने आधीच स्वप्नात केली होती.

तिचा राक्षस डोळे उघडतो आणि त्याचा निर्माता भिऊन पळतो. जन्मतः पोरका झालेला तो जीव भिंतीच्या फटीतून एका कुटुंबाचे बोलणे ऐकून भाषा शिकतो. खून तो पुढे करतो. प्रथम त्याला माया हवी असते. त्याला नाव नाही. फ्रँकेन्स्टाइन हे नाव निर्मात्याचे, आणि लोक ते खुशाल त्यालाच देतात! नाव न ठेवताच गेलेल्या त्या कन्येची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही.

कादंबरीतील पहिला बळी, एक लहान मुलगा, त्याला मेरीने स्वतःच्या मुलाचेच नाव दिले: विल्यम. तो विल्यम जून १८१९ मध्ये रोम येथे वारला. त्याच्या आदल्या वर्षी व्हेनिसला धाकटी क्लारा गेली होती. १८२२ मध्ये पती समुद्रात बुडाला. १८३१ च्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत मेरीने या पुस्तकास आपले अपत्य म्हटले आहे. तेव्हा तिच्या चार मुलांपैकी एकच हयात होता.