अल्टरनेटर : चार्जिंग व्होल्टेज

अल्टरनेटर : चार्जिंग व्होल्टेज. मोटारीचे एंजिन चालू असताना अल्टरनेटर ज्या विद्युत् दाबाने बॅटरीला आणि इतर उपकरणांना वीज पुरवतो तो दाब. अल्टरनेटरमधील प्रत्यावर्ती वीज डायोडांमुळे एकदिश होते आणि रोटरच्या गुंडाळीतला प्रवाह कमीजास्त करून रेग्युलेटर दाब राखतो. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक, ही गॅरेजातली रूढ पारख. जुन्या गाड्यांपुरती ती चालते. आधुनिक गाड्यांत, विशेषतः स्पोर्ट्‌स कारमध्ये, बॅटरीचे तापमान, तिच्यातला भार आणि गाडी त्या क्षणी वेग घेते आहे की सोडते आहे, हे कळल्याशिवाय मीटरवरच्या आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

तापमान : शिसे-आम्ल बॅटरीत सहा सेल असतात. २५° से. तापमानाला दर सेलवर सुमारे २.४ व्होल्टपेक्षा जास्त दाब पडला की पाण्याचे विघटन वेग घेते, १४.४ हा आकडा आला तो इथून. बॅटरी तापेल तशी ही मर्यादा खाली येते, ढोबळमानाने अंशामागे सेलला ४ मिलिव्होल्ट, म्हणजे पूर्ण बॅटरीला २४. गोंदिया जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि थंडीत १० अंशांखाली उतरतो, त्यामुळे हा फरक इथे कागदावर राहत नाही. उन्हाळ्यात बॅटरी ६० अंशांपर्यंत तापली असे धरल्यास योग्य दाब सुमारे १३.६ व्होल्ट येतो. थंडीच्या पहाटे ८ अंशांना तो १४.८ च्या घरात जातो. एकाच गाडीचे हे दोन्ही आकडे निर्दोष आहेत. मे महिन्यातल्या १३.६ वर अल्टरनेटर बदलणे हा निव्वळ भुर्दंड होय. एजीएम, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेल्या, बॅटरीच्या कमाल दाबाबाबत निर्मात्यांच्या शिफारशी एकसारख्या नाहीत.

स्पोर्ट्‌स कार : वजनाचा तोल साधण्यासाठी माझदा एमएक्स-५ च्या आरंभीच्या पिढ्यांत आणि बीएमडब्ल्यू एम३ मध्ये बॅटरी डिकीत ठेवली गेली. अशा वेळी रेग्युलेटर ज्यावरून दाब ठरवतो तो अल्टरनेटरमधला तापमापक एंजिनची धग मोजतो आणि बॅटरी मात्र मागे तुलनेने थंड असते. यावरचा उपाय म्हणून बॅटरीच्या ऋण टोकाशीच प्रवाह, दाब व तापमान मोजणारा सेन्सर आला आणि दाब ठरवण्याचे काम संगणकाकडे गेले. २००७ च्या सुमारास बीएमडब्ल्यूने हीच व्यवस्था इंधनबचतीसाठी वापरली : वेग सोडताना दाब वाढवायचा, वेग घेताना उतरवून एंजिनवरचा भार हलका करायचा. त्यासाठी बॅटरी मुद्दाम थोडी रिकामी ठेवतात. माझदाच्या २०१२ च्या आय-ईलूप यंत्रणेत अल्टरनेटर २५ व्होल्टपर्यंत जातो. ती वीज आधी संधारित्रात साठते. पोर्शने २०१० पासून ९११ जीटी३ साठी लिथियम बॅटरीचा पर्याय दिला. वजन सुमारे १० किलोने घटले.



आक्षेप : स्पोर्ट्‌स कारची ही चर्चा गोंदियात कशासाठी, असे कोणी विचारील. पण मारुती सुझुकीने २०१५ मध्ये सियाझ डिझेलला एसएचव्हीएस ही सौम्य-हायब्रिड यंत्रणा जोडली, म्हणजे वेग सोडताना चार्जिंग करण्याची रीत साध्या मोटारीतही आलेली आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ठरावीक आकडा सोडला तर बिघाड ओळखायचा कशावरून? मीटर टाकायचा नाही, त्याला स्कॅनरची जोड द्यायची. संगणकाने मागितलेला दाब आणि बॅटरीवर मिळालेला दाब शेजारी ठेवावेत. मागणी १४.५ ची आणि प्रत्यक्षात १२.४, तर दोष अल्टरनेटरमध्ये, पट्ट्यात किंवा तारेत आहे. मागणीच १२.४ ची असेल तर त्या आकड्यात दोष नाही. वेग स्थिर ठेवून दिवे, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावूनही हे तपासता येते, मात्र तो पुरावा दुय्यम.

सेन्सर असलेल्या गाडीला बाहेरून चार्जर लावताना ऋण चिमटा बॅटरीच्या टोकाला न लावता चॅसीला लावावा. एरवी आत गेलेला भार सेन्सरच्या हिशेबात येत नाही.