पीळ आणि लांबी

रायफलच्या नळीत आतून कोरलेल्या मळसूत्री खाचांना आटे म्हणतात. या आट्यांचा एक वेढा नळीच्या जितक्या लांबीत पुरा होतो त्यावरून नळीचा पीळ मोजला जातो, आणि ही लांबी जितकी कमी तितका पीळ घट्ट. शिशाचा वाटोळा गोळा वापरात होता तोवर सैल पीळच हिताचा होता, कारण अशा गोळ्याला पुढची-मागची बाजू नसते आणि पीळ फार घट्ट असला तर मऊ शिसे आट्यांना न जुमानता सरळ घसरत जाते. लांबट गोळीने हा हिशेब बदलला. तिच्यावर हवेचा दाब गुरुत्वमध्याच्या पुढे पडतो, त्यामुळे ती उलटू पाहते, आणि भोवऱ्याप्रमाणे तिलाही तिचे फिरणेच सावरून धरते.

ब्रिटिश लष्कराची १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांचे नाव १८५७ च्या उठावाशी कायमचे जोडले गेले, ही ०.५७७ इंच व्यासाची ठासणीची रायफल होती आणि तिचा पीळ ७८ इंचांत एक वेढा इतका सैल होता. तिच्यात सुधारणा सुचवण्याचे काम मँचेस्टरचे यंत्रनिर्माते जोसेफ व्हिटवर्थ यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी पाचशे यार्ड लांबीची बंदिस्त वीथी उभारून तीत ओळीने पातळ कागदाचे पडदे टांगले. गोळी कुठे डळमळली, कुठे आडवी झाली, हे पडद्यांवरची भोकेच सांगत. या प्रयोगांतून षट्कोनी पोकळीची, ०.४५१ इंच व्यासाची आणि २० इंचांत एक वेढा घेणारी नळी निघाली. हाइथ येथील १८५७ च्या चाचणीत पाचशे यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्यांचे सरासरी विचलन २.२४ फूट भरले, व्हिटवर्थचे ०.३७ फूट. तरीही नळी फार अरुंद, दारूच्या काजळीने चोंदणारी आणि महाग म्हणून लष्कराने ती नाकारली. या आक्षेपांत तथ्य होते, पण पिळाविषयीचा मूळ शोध त्यांनी खोटा ठरत नव्हता. १८६० मध्ये विंबल्डनच्या नेमबाजी मेळाव्याचे उद्घाटन करताना राणी व्हिक्टोरियाने घोडीवर पक्क्या बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीतून चारशे यार्डांवर गोळी झाडली, ती केंद्रापासून सुमारे सव्वा इंचावर लागली. अर्थात यात राणीच्या नेमापेक्षा घोडीचा वाटा मोठा होता.

प्रयोगाने हाती आलेल्या या ज्ञानाला गणिती रूप १८७९ मध्ये वूलिच येथील गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी दिले. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या किती पट आहे ते पाहावे आणि त्या संख्येने १५० ला भागावे. येणारा आकडा म्हणजे व्यासाच्या पटीत आवश्यक पीळ. ०.४५ इंच व्यासाच्या आणि तिप्पट लांबीच्या गोळीला हे सूत्र साडेबावीस इंचांचा पीळ देते, म्हणजे व्हिटवर्थ दोन दशके आधी केवळ कागद फाडून जवळजवळ तिथेच पोचले होते. या सूत्रात गोळीचे वजन कुठेच येत नाही. जड गोळीला घट्ट पीळ लागतो असे नेमबाज सर्रास म्हणतात, ते खरे वाटते इतकेच, कारण एकाच व्यासाची जड गोळी बहुधा लांबही असते.

विसाव्या शतकात अमेरिकी लष्कराला हा धडा पुन्हा गिरवावा लागला. एम-१६ रायफलीचा सुरुवातीचा १४ इंचांचा पीळ थंड, दाट हवेत अपुरा पडला, म्हणून तो १२ इंचांवर आणला गेला. पुढच्या एम-१६ए२ मध्ये तो एकदम ७ इंचांवर आला, आणि त्याचे कारण ६२ ग्रेनची नेहमीची गोळी नव्हे, तर वजनाने तिच्याहून जेमतेम दोन ग्रेन अधिक, पण लांबीने बरीच मोठी अशी मागे उजेड सोडत जाणारी ट्रेसर गोळी होती.