रूळ, खडक आणि वाडी : दरडीच्या इशाऱ्याचा इतिहास

१/
जालना जिल्हा आणि सह्याद्रीचा कडा यांच्या पायाखाली एकच दगड आहे : दख्खनचा बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो घडला. तरीही जालन्यात दरडीची बातमी सहसा ऐकू येत नाही. महाड, पोलादपूर, आंबेगाव येथे मात्र प्रत्येक पावसाळा धास्तीचा असतो. एकाच दगडाची ही दोन नशिबे कशी झाली?

२/
उत्तर उतारात आणि पाण्यात आहे. जालन्यात भूमी बहुतांशी सपाट आणि वर्षाचा पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर. रायगडात तो ३,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. हे पाणी खडकाच्या भेगांत आणि त्यावरील मातीत शिरते, कणांमधील दाब वाढवते आणि उताराला धरून ठेवणारे घर्षण घटवते. दरड क्षणात कोसळते. तिची तयारी मात्र आधीपासून चाललेली असते.

३/
ही तयारी यंत्राने ओळखण्याची निकड महाराष्ट्राला प्रकर्षाने जाणवली ती रेल्वेमुळे. १९९८ मध्ये पूर्ण झालेला, सुमारे ७४० किलोमीटर लांबीचा कोकण रेल्वेमार्ग डोंगर फोडून आणि कापून काढलेला होता. त्यामुळे रुळांच्या दोन्ही अंगांना ठिकठिकाणी उंच, उघडे उतार उभे राहिले.

४/
२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईकडे निघालेली सुटीची विशेष गाडी रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली. पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. वर्ष उलटण्याच्या आतच, १६ जून २००४ रोजी, महाड तालुक्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला दरडीमुळेच अपघात झाला.

५/
यानंतर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी झाला, गस्त वाढली आणि उतारांवर लोखंडी जाळ्या आल्या. ‘रक्षा धागा’ ही कल्पनाही याच काळातली : उतारावर कलमापक बसवायचे आणि दगड सुटताच येणाऱ्या गाडीपर्यंत इशारा पोहोचवायचा. पण असा इशारा दगड सुटल्यानंतरचा. गाडी थांबू शकते. पायथ्याशी घर असेल तर ते जागचे हलू शकत नाही.

६/
म्हणून पुढचा प्रश्न उभा राहिला : दगड सुटण्यापूर्वीच कळेल का? मुंबईच्या आयआयटीतील उदय देसाई, त्रिलोक सिंह आणि त्यांच्या देश-विदेशांतील सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘सेनस्लाइड’ ही प्रणाली मांडली. खडकात छोटी छिद्रे पाडून त्यांत ताणमापक बसवायचे. खडक किंचित ताणला गेला तरी त्यातील तारेचा विद्युतरोध बदलतो आणि तो बदल मोजता येतो.

७/
प्रत्येक ताणमापकाला एक लहान संगणक, बॅटरी आणि बिनतारी प्रक्षेपक जोडलेला. एक यंत्र शेजारच्या यंत्राला संदेश देते, ते त्याच्या पुढच्याला, आणि अखेर सारी माहिती एका केंद्रात जमते. लांब केबल उतार सरकताच तुटते. बिनतारी जाळ्यात एक दुवा निकामी झाला तरी संदेश दुसऱ्या वाटेने जातो. बॅटरी टिकावी म्हणून ही यंत्रे बराच वेळ निद्रिस्त राहतात. या प्रणालीची कसोटी मुख्यतः प्रयोगशाळेत लागली.

८/
प्रत्यक्ष डोंगरावरचा मोठा प्रयोग झाला तो केरळमध्ये. २००५ मध्ये दरड अनुभवलेल्या मुन्नारच्या अँथोनियार कॉलनीत अमृता विश्वविद्यापीठाच्या मनीषा रमेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीत खोल नळ्या पुरल्या. जलदाब, ओलावा आणि उताराचा कल त्यांतून मोजला जाऊ लागला. जुलै २००९ च्या अतिवृष्टीत याच मोजमापांवरून धोक्याचा इशारा देण्यात आला.

९/
महाराष्ट्रातील वाड्यांच्या माथ्यावर मात्र असे कान नव्हते. ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. गाव नाहीसे झाल्याची बातमी बाहेर पोहोचली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी. चालकामुळे.

१०/
पुढे २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इरशाळवाडीचे नावच नव्हते, हे नंतर विधानसभेत सांगण्यात आले.

११/
या इतिहासाचा कठीण धडा येथेच आहे. संवेदक ज्या उतारावर बसवला, त्याच उताराचे बोलतो. आणि तो कोठे बसवायचा हे आधीच्या याद्या ठरवतात. रुळांना मालक होता, वेळापत्रक होते आणि इशारा ऐकणारा चालक होता. वाडीपाशी यांपैकी काहीच नव्हते.

१२/
२०२४ मध्ये कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू झाले. असे पूर्वानुमान एका प्रदेशाचे असते. एका वाडीवरचा कडा कधी सुटेल, हे सांगायला त्या कड्यातच कान रोवावा लागतो. आणि त्या कानाने मध्यरात्री हाक दिली, तर ती ऐकून घरे रिकामी करवणारे कोणीतरी गावात जागे असावे लागते. खडकाची भाषा वाचण्याचे तंत्र दोन दशकांपूर्वीच हाती येऊ लागले होते. ती हाक वाडीपर्यंत पोहोचवण्याचे काम अजून उरले आहे.