हलकी सॅक आणि तिची दुरुस्ती

अमेरिकेतील सिअ‍ॅटल परिसरातल्या लॉइड नेल्सन यांनी 1920च्या दशकात ‘ट्रॅपर नेल्सन’ नावाची सॅक बाजारात आणली. लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेला कॅनव्हास आणि मागे अडकवलेली पिशवी, एवढीच तिची रचना. कडांच्या लांब तारा ओढून काढल्या की पिशवी सुटी होई. फाटल्या जागी दाभण आणि मेणदोऱ्याने ठिगळ लावता येई, मोडलेली लाकडी पट्टी कोणताही सुतार करून देऊ शके. तिचा मोठा दोष वजनाचा होता आणि कॅनव्हास भिजला की ते आणखी वाढे.

हे वजन उतरवण्याचे मोठे काम कॅलिफोर्नियात डिक आणि नीना केल्टी या दांपत्याने केले. 1952मध्ये डिक यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या चौकटी बनवायला घेतल्या. पिशव्या नीना शिवत. पहिल्या वर्षी 24 डॉलरला एक याप्रमाणे 29 सॅक खपल्या. कमरपट्ट्यामुळे भार खांद्यांवरून कमरेवर आला आणि 1963च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेतही या सॅक होत्या. पिशवी चौकटीला खिळ्या आणि कड्यांनी जोडलेली असल्यामुळे दोहोंपैकी जे खराब होईल तेवढेच बदलता येई. 1967मध्ये ग्रेग लो यांनी चौकट पिशवीच्या आत नेली. चढाईला ती सोयीची ठरली, पण पाठ, पट्टे आणि पिशवी एकाच शिवणीत अडकल्यामुळे दुरुस्ती किचकट झाली.

दरम्यान 1955मध्ये 67 वर्षांच्या एमा गेटवुड यांनी स्वतः शिवलेली डेनिमची झोळी खांद्याला लावून सुमारे 3,300 किलोमीटरची अ‍ॅपलाचियन वाट एकटीने पूर्ण केली. हाच धागा पुढे रे जार्डीन यांनी पकडला. 1992च्या त्यांच्या पुस्तकाने, वजन कमी केले तर चौकटच लागत नाही आणि अशी साधी सॅक घरी शिवता येते, हे अनेकांच्या मनावर ठसवले. 1998मध्ये सुरू झालेल्या ‘गोलाइट’ कंपनीने जार्डीन यांच्या रचना बाजारात आणल्या. ग्लेन व्हॅन पेस्की यांनी तर आपल्या जी-4 सॅकचा बेतण्याचा नमुनाच लोकांना फुकट दिला. हलक्या सॅकच्या इतिहासात याहून मोलाची घटना सापडणे कठीण. ज्याने सॅक स्वतः बेतली, त्याला ती उसवून पुन्हा शिवण्याची भीती उरत नाही.

मात्र अशा हलक्या सॅकच्या पातळ कापडाने झिजेची जागा बदलली. कॅनव्हास सगळीकडून सारखा विरे. पातळ नायलॉन तळाशी, जाळीच्या खिशांवर आणि विशेषतः खांद्याचे पट्टे जोडलेल्या शिवणीत फाटते. तिथे नुसते टाके पुन्हा घालून भागत नाही, कारण सुईच्या जुन्या भोकांच्या रेषेवरच कापड सुटते. आतून जाड कापडाचा तुकडा लावून भार पसरवावा लागतो. नायलॉनवर सिलिकॉनचा थर असेल तर साधी चिकटपट्टी धरतच नाही, सिलिकॉनचाच डिंक लागतो. पॉलियुरेथेनचा थर असेल तर चिकटपट्टी बसते, पण तो थर ओलावा आणि उष्णतेने विघटित होतो. कोकणासारख्या दमट हवेत बंद कपाटात ठेवलेली सॅक काही वर्षांत आतून चिकट होते, तिला वास येतो आणि पोपडे सुटतात. शिवण, पट्टे, कापड धड असूनही असे अस्तर पूर्ववत होत नाही. ते खरवडून सॅक पावसाळ्याबाहेर वापरणे किंवा बदलणे, एवढेच हाती राहते.

पुढचे कापड समुद्रावरून आले. 1992च्या अमेरिकाज कप शर्यतीतील शिडांमुळे पुढे आलेले ‘क्यूबेन फायबर’ म्हणजे पॉलिथिलिनचे अतिशय बळकट तंतू दोन पातळ फिल्मांमध्ये दाबून केलेले कापड. 2015मध्ये ‘डायनीमा’ नावाने असे तंतू बनवणाऱ्या डीएसएमने त्याची उत्पादक कंपनी घेतली आणि कापडालाही तेच नाव मिळाले. त्याला सुई टोचली की भोक राहते, म्हणून त्याच जातीच्या चिकटपट्टीचे ठिगळ दोन्ही बाजूंनी लावणे श्रेयस्कर. वरची फिल्म घासून तंतू उघडे पडले की पट्टीही फार काळ टिकत नाही.

चेन आणि बक्कल यांची गोष्ट सोपी आहे. चेनचे दात शाबूत असतील तर बहुधा फक्त रनर बदलून काम होते. पट्ट्यांची रुंदी 20 किंवा 25 मिलिमीटर अशी ठरावीक असते, त्यामुळे मूळ कंपनी बंद पडली तरी दुसऱ्या कंपनीचे बक्कल चालते. 2014मध्ये ‘गोलाइट’ बंद झाल्यावरही तिच्या सॅक त्यामुळेच वापरता येत राहिल्या. काही बक्कलांना चीर ठेवलेली असते. पट्टा न उसवता ती सरकवून बसवता येतात. सॅक टाकून देण्याची वेळ आलीच, तर तिची बक्कले आणि पट्टे कापून ठेवले जातात, कारण पुढच्या दुरुस्तीला त्याच मापाचे सुटे भाग लागतात.