गिरगावच्या माडाखाली

चपला हातात घ्या. वाट रेतीची आहे, दवानं ओली. गिरगावच आहे हे, पण 1863 च्या सुमाराचं. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' नुकतंच छापून आलंय. चर्नी रोडला स्टेशन नाही, समुद्राची गाज थेट वाडीत येते. डोक्यावर झावळ्या सळसळल्या की पाऊस आला असं वाटतं.

ठक, ठक, ठक. वर पाहा.

खोडातल्या खाचांत पाय रोवून भंडारी, म्हणजे माडाचा रस काढणारा, शेंड्याला पोचलाय. कमरेला कोयता, सोबत रस भरायला वाळलेला भोपळा. घट्ट बांधलेली पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, तो हलकेच ठोकतो आणि तिच्या टोकाचा कांद्याच्या पापुद्र्याएवढा काप काढतो. काप जाड पडला तर पोय फुकट, पातळ पडला तर रस धरत नाही. सगळी विद्या त्या मनगटात! आणि हे सकाळ-संध्याकाळ, रोज, माडामागून माड. सरकारला कर द्यायचा तोही माडामागेच.

तो उतरला. घामाचा आणि आंबूस गोड असा वास एकदमच येतो. भोपळ्यातल्या फेसात मुंग्या, माश्या तरंगताहेत. बिचकू नका, तो फडक्यानं गाळून देईल. ओंजळ धरा. गार, गोड, जिभेवर चुणचुणणारी. ही माडी. पोर्तुगालातल्या पोर्तोची वाइन दोरू नदीकाठी पिंपांत वर्षानुवर्षं मुरते. हिला तेवढी उसंत नाही. उन्हं चढली की आंबट, संध्याकाळी डोक्यात जाणारी, पुढे ठेवली तर शिरका. म्हणून ती जिथली तिथेच प्यायची.

थोडी माडी पाववाल्याकडे जाते. तिकडे चला, भट्टीची धग चेहऱ्यावर घ्या. माडीनंच कणीक फुगते. गरम पाव फोडा, नाकाशी धरा: तोच आंबूस वास.

मुंबईच्या पावाची सुरुवात या माडांखाली झाली, असं मी मानतो. परत आलात की फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी या पाट्यांपाशी जरा थांबा. त्या वाड्या खरंच बागा होत्या.