वॉरिंग्टन बापलेक आणि काचेतले पाणी

चार वर्षांपूर्वी मी घरात पाणवनस्पतींची काचटाकी मांडली. पाणी अगदी नितळ होते, तरी पहिल्या पंधरवड्यातच तीन मासे दगावले. पाणी स्वच्छ, मग मासे मेले कशाने? या प्रश्नाचा माग काढताना मी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, एका बापलेकाच्या प्रयोगांपाशी येऊन थांबलो.

रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनमधल्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत रसायनतज्ज्ञ होते. १८४९ मध्ये त्यांनी एका भांड्यात वाळू, दगड, दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही गवतासारखी पाणवनस्पती ठेवली. माशाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पतीने घ्यावा, तिने माशाला ऑक्सिजन द्यावा, असा त्यांचा हिशेब. काही दिवसांनी मात्र जुनी पाने कुजली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली, त्यांची अंडी माशांना खाद्य झाली आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्यांनी हे केमिकल सोसायटीपुढे मांडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि घरोघरी काचटाक्या मांडण्याची लाटच उसळली.

या हिशेबात एक रकाना मात्र कोराच होता, नायट्रोजनचा. माशांच्या उत्सर्गातून आणि उरल्यासुरल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि गोगलगायींनाही आवरत नाही.

अमोनियाचे नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव असतात, हे १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनी दाखवले. त्यावर इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेतीप्रयोगशाळेत वर्षानुवर्षे काम केले ते वॉरिंग्टनांच्याच मुलाने. त्याचेही नाव रॉबर्ट. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होते, आणि ही दोन कामे वेगवेगळे जीव करतात, हे त्याच्या प्रयोगांतून पुढे आले. त्याला काळजी होती ती शेतातल्या मातीची. पण वडिलांच्या टाकीतला कोरा रकाना त्यामुळेच भरला गेला. वडील मात्र १८६७ मध्येच वारले होते.

माझी चूक मला इथे उमगली. नव्या टाकीत हे जीव रुजायला काही आठवडे लागतात. मी मासे पहिल्याच दिवशी सोडले होते. त्यात आमचे बोअरचे पाणी जड आणि अल्कधर्मी. अशा पाण्यात अमोनिया अधिकच जहाल होतो.

दुसऱ्या खेपेस मी आधी वनस्पती लावल्या, महिनाभर थांबलो, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याची चाचणी केली आणि मगच मासे आणले. पुढे कोवळी पाने पिवळी पडू लागली. माशांच्या खाद्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळतात, लोह आणि पोटॅशियम सहसा अपुरे पडतात. जे अन्नद्रव्य सर्वांत तोकडे, तेच वाढ रोखते, हा श्प्रेंगेल आणि लीबिग यांनी शेतीसाठी सांगितलेला नियम माझ्या टाकीलाही लागू होता. लोहाची मात्रा दिल्यावर नवी पाने हिरवी आली.

आज टाकीतली व्हॅलिस्नेरिया पार पृष्ठभागाला टेकली आहे. तरीही दर रविवारी मी पाण्याची चाचणी करतो. नुसत्या नितळपणावर माझा आता विश्वास राहिलेला नाही.