चौल बंदर आणि परदेशी प्रवाशांची सुरक्षितता
अष्टागरातील चौल बंदरात उतरणाऱ्या परदेशी प्रवाशाची सुरक्षितता राजाश्रयावर आणि ओळखीपाळखीवर अवलंबून असे. दहाव्या शतकाच्या आरंभी येथे, म्हणजेच अरबांच्या सैमूरला, आलेल्या अल्-मसूदीने शिलाहार राजा झंझ याच्या काळात मुसलमानांचा कारभार त्यांच्यातूनच नेमलेल्या ‘हुनरमन’कडे, म्हणजे राजमान्य प्रमुखाकडे, असल्याचे नोंदवले आहे. पंधराव्या शतकात विक्रीचा घोडा घेऊन चौलला उतरलेल्या अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याला मात्र असे छत्र नव्हते; जुन्नरला तेथील खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि चार दिवसांत धर्मांतर न केल्यास हजार मोहरांच्या दंडाची धमकी दिली, तेव्हा महंमद नावाच्या खोरासानी गृहस्थाने रदबदली करून घोडा परत मिळवून दिला. व्यक्तीच्या मर्जीपेक्षा हुनरमनसारखी राजमान्य व्यवस्थाच परक्याला अधिक भरवशाची ठरते.